दीक्षा घेऊ का? वास्कोच्या मुलीला एका निवृत्त पाळकबाईचं उत्तर

विचारणारी मुलगी वास्कोत वाढलेली. घर मराठी, मंडळी म्हणजे चर्च मेथडिस्ट (प्रोटेस्टंटांतला एक पंथ), आजोळ बेळगावचं, बी.डी.चं, म्हणजे धर्मशास्त्राच्या पदवीचं, शेवटचं वर्ष चालू आहे. पाळक होण्याच्या दीक्षेसाठी नाव द्यावं की शाळेत नोकरी धरावी, असा तिला पेच पडलाय. आईचं म्हणणं, बाईमाणसाला हे झेपायचं नाही. तिचे प्रश्न तीन. बाईच्या हातचं प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत दिलेली भाकर आणि पेला, लोक घेतात का? लग्नानंतर बदल्यांचं काय होतं? आणि निवृत्त झाल्यावर पाळकबाई करते तरी काय? मी नोकरीची सगळी वर्षं बेळगावच्या बाजूला काढली आणि आता मुलाकडे गोव्यात राहते, म्हणून तिने मला गाठलं.

पोरी, पहिल्याचं उत्तर: घेतात, पण सगळे नाहीत. एका मंडळीत एक आजोबा होते. उपासनेला वेळेवर यायचे, गीतं खड्या आवाजात म्हणायचे, माझा उपदेश मान डोलावून ऐकायचे. मेजावरचं पांढरं कापड उचललं की टोपी घेऊन बाहेर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हाच क्रम. पुढे त्यांची बायको अंथरुणाला खिळली, तेव्हा स्वतः येऊन म्हणाले, "तिला भोजन द्यायला घरी या." मी गेले. आजींना भाकर दिली, पेला दिला. हे गृहस्थ तेवढा वेळ व्हरांड्यात उभे. माझी बदली होईपर्यंत त्यांनी माझ्या हातून काही घेतलं नाही, आणि मीही कधी विषय काढला नाही. अशी दोन-चार माणसं तुला प्रत्येक ठिकाणी भेटतील. त्यांची मनं वळवणं हे तुझं काम नाही. त्यांच्या घरी आजारी कोण आहे ते माहीत असणं हे काम आहे.

"बाईला अधिकार कुणी दिला?" असं तुझे मामा विचारतात म्हणे. त्यांना थोडा इतिहास सांग. १७६१ मध्ये इंग्लंडात डर्बी गावी सारा क्रॉस्बी नावाची बाई तीसेक माणसांचा वर्ग, म्हणजे नेमाने जमणारा मंडळीचा गट, घ्यायला गेली आणि समोर दोनशेच्या आसपास माणसं जमली. एकेकाशी बोलणं शक्य नव्हतं, म्हणून उभी राहून सगळ्यांशी बोलली. मग घाबरून आपल्या मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांना पत्र टाकलं. त्यांनी कळवलं की तू मर्यादा ओलांडलेली नाहीस. दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मेरी बोझँक्वेटने बायकांच्या उपदेशाच्या बाजूने त्यांना सविस्तर पत्र लिहिलं, तेही त्यांनी मानलं. वेस्ली गेले १७९१ ला, आणि १८०३ च्या कॉन्फरन्सने, म्हणजे पाळकांच्या वार्षिक सभेने, बायकांच्या उपदेशाला लगाम घातला. म्हणजे दार उघडून पुन्हा लोटून घेतल्याचा हा सगळा इतिहास आहे. अमेरिकेतल्या मेथडिस्ट मंडळीने बायकांना पाळक म्हणून पूर्ण हक्क दिले १९५६ साली. आपली इथली मंडळी तेव्हा त्याच घराचा भाग होती, त्यामुळे तो निर्णय आपल्यालाही लागू. ७ जानेवारी १९८१ ला मेथडिस्ट चर्च इन इंडिया स्वतंत्र झालं, ते हा हक्क पदरात घेऊनच.

आणि बायकांचं काम त्याही आधीचं. १८७० च्या जानेवारीत इझाबेला थोबर्न आणि डॉक्टर क्लारा स्वेन इथे उतरल्या. एकीने लखनौला मुलींची शाळा काढली, दुसरीने बरेलीत बायकांसाठी दवाखाना उभा केला. दोघींना धाडणारी आणि पैसा पुरवणारी संस्थाही बायकांचीच. बेळगावचं काम लंडन मिशनने १९०४ मध्ये मेथडिस्टांच्या हवाली केलं. त्यानंतर खेडोपाडी अंगणात बसून बायकांना अक्षर ओळखायला शिकवणाऱ्या बायबल-बाया आपल्याकडच्याच होत्या. त्यांना ना पाळकाचा झगा होता ना सभेत मताचा हक्क. अर्धी मंडळी त्यांनी बांधली आणि अहवालात नाव पाळकसाहेबांचं. मामांना हे सांगून झालं की तो विषय तिथेच सोड. वादात जिंकून कुणाची पाळकबाई होता येत नाही.

आता खरं काम काय असतं ते सांगते, कारण बी.डी.त ग्रीक शिकवतात, हे शिकवत नाहीत.

दीक्षेच्या उमेदवाराला वेस्लींच्या वेळेपासून चालत आलेले काही प्रश्न विचारतात. ख्रिस्तावर विश्वास आहे का, पूर्णतेकडे वाटचाल चालू आहे का, इथून सुरुवात होते. ती उत्तरं सगळ्यांना पाठ असतात. पुढचे प्रश्न मात्र नीट ऐक. प्रत्येक ठिकाणी मुलांना मन लावून शिकवशील का? घरोघरी भेटी देशील का? कामात अडचण येईल इतकं कर्ज डोक्यावर आहे का? वेळ वाया घालवणार नाहीस ना? अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला पाळकाची नस बरोबर सापडली होती. उपदेश बरा-वाईट झाला तर लोक पोटात घालतात. घरी न येणाऱ्या पाळकाला विसरत नाहीत, आणि उधारी थकवणाऱ्याला तर मुळीच नाही.

घरभेटीचं गोव्यातलं तंत्र वेगळं आहे. बेळगावकडे दुपारी चारला गेलं तरी घरात कुणीतरी भेटतं. वास्कोत पुरुष बंदरात किंवा कारखान्यात पाळीवर, बाई कुणाकडे स्वयंपाकाला नाहीतर दुकानात. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी दहाला झोपलेला असतो, त्याच्या दारात "जय ख्रिस्त" म्हणून उभी राहिलीस तर तो आयुष्यात देवळाकडे फिरकायचा नाही. म्हणून कुणाची पाळी कधी, हे आधी लिहून ठेवायचं. दुपारी दोन ते चार गोव्यात कुणाच्याही दारात जायचं नाही, तो इथला अलिखित कायदा आहे. एका संध्याकाळी तीन घरांपेक्षा जास्त घेऊ नकोस. चौथ्या घरी तू फक्त घड्याळ बघतेस.

घरात शिरल्यावर लगेच बायबल उघडू नको. पाणी घे, बस, बघ. फळीवर औषधं कुणाची आहेत? मागच्या खेपेला टीव्ही होता, तो आता कुठे गेला? मुलगी समोर येते की आतूनच उत्तर देते? बाहेर पडल्यावर, जिन्यातच, भेटवहीत टाचण करायचं. माझ्या वहीतली एक नोंद अशी होती: "दुसरा मजला. सासूचं ऑपरेशन मंगळवारी. थोरला दहावीत, गणित कच्चं. नवरा घरात होता, बाहेर आला नाही. चहा बिनदुधाचा." शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. त्या घरात दुधाला पैसे नव्हते आणि ते कुणी तोंडाने सांगणार नव्हतं. पुढच्या रविवारी खजिनदाराला बाजूला घेऊन, नाव न घेता, मदतनिधीतून काय ते बघता आलं. ही वही कुलपात ठेवायची. बदली झाली की नव्या पाळकाला त्यातलं सांगण्यासारखं तेवढं सांगायचं आणि वही जाळायची. मी जाळल्या आहेत.

इथे बाई असण्याचा फायदा आहे, तो घे. पुरुष पाळक बाहेरच्या खोलीपर्यंत जातो, तुला स्वयंपाकघरात पाट मिळतो. गर्भ राहिलेला नको आहे, नवरा हात उचलतो, मुलगी कुणाबरोबर जायची म्हणतेय, हे सगळं ओट्यापाशी कळतं. पण तिथेच मर्यादाही ठरवून घे. मारहाण होत असेल तर "प्रार्थना करू, सहन कर" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. पोलीस, महिला हेल्पलाइन, माहेर, या क्रमाने फोन करायचे आणि तिच्या शेजारी बसून करायचे. प्रार्थना त्यानंतरही करता येते.

मेथडिस्ट वर्गाची पद्धत तुला माहीत असेल, तरी तिची कुळकथा सांगते, कारण ती मला फार आवडते. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या मंडळीवर इमारतीचं कर्ज होतं. फॉय नावाच्या एका निवृत्त कप्तानाने सुचवलं की दर माणसाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि बारा-बाराच्या गटाला एक गोळा करणारा नेमावा. तो पैसे मागायला घरोघर फिरू लागला आणि कुणाच्या घरात काय चाललंय ते उघडं पडलं. वेस्लींनी ओळखलं की कर्जापेक्षा हे मोठं काम आहे. आपल्या बायकांच्या भिशीचंच बघ ना, रक्कम किती निघाली ते महिन्याभरात विसरतं, पण कोण आलं नाही आणि का आलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. नवीन मंडळीत गेल्यावर महिला मंडळाच्या पदाधिकारी निवडण्याआधी असे वर्ग लाव. पदं कुणाला द्यायची हे त्यातून आपोआप कळतं.

प्रभुभोजनाबद्दल एक गोव्यापुरतं. आपल्याकडे पेल्यात दारू नसते, द्राक्षाचा रस असतो. टॉमस वेल्च नावाचा अमेरिकेतला एक दंतवैद्य, मेथडिस्टच, प्रभुभोजनाच्या तयारीचं काम बघायचा. १८६९ मध्ये त्याने रस उकळून बाटलीत टिकवण्याची युक्ती काढली, तिथून हे रूढ झालं. आम्ही शनिवारी रात्री काळ्या मनुका भिजत घालतो, सकाळी उकळून कुस्करतो, पंचाच्या फडक्यातून गाळतो. बेळगावच्या थंडीत उरलेला रस आठवडाभर राहतो. इथल्या दमट हवेत फ्रिजबाहेर विसरलीस तर तिसऱ्या दिवशी तोच फसफसून आपलं तत्त्व मोडतो! शेजारची कॅथलिक मावशी मला दरवेळी सांगते, "बाये, इतली खटपट कित्याक, पोर्त वाइन हाड." (एवढी खटपट कशाला, पोर्ट वाइन आण.) तिला हसून नाही म्हणायचं. आपल्या मंडळीत दारू सोडलेली माणसं बसतात आणि त्यांच्या बायका त्यांच्या शेजारी बसतात, एवढं कारण मला पुरतं.

कॅथलिक शेजाराबद्दल तुला सांगायला नको, तू तिथेच वाढलीस. पण पाळक म्हणून वावरताना काही गोष्टी नव्याने कळतील. पांढरी साडी आणि गळ्यात क्रूस बघून तुला बसमध्ये सिस्टर म्हणतील, जागा देतील. दरवेळी दुरुस्ती करत बसू नको. मुलाबाळांसकट दिसलीस की मग त्यांचा गोंधळ उडतो, तो त्यांचा त्यांना निस्तरू दे. "बिलिव्हर का?" (नव्या पंथांतल्या ख्रिस्ती लोकांना इथे असं म्हणतात) हा प्रश्न मात्र नीट उत्तर देऊन सोडव, कारण गोव्यात त्या शब्दात बराच इतिहास आणि थोडी भांडणं भरलेली आहेत. आपण तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतो, कॅथलिक बाप्तिस्मा मानतो आणि एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा करत नाही, एवढं शांतपणे सांगितलं की फादरही मोकळे बोलतात. वाड्यावरच्या खुरसाकडे, म्हणजे क्रूसाकडे, लदीन (सामूहिक प्रार्थना) असली की मी जाते, मागे उभी राहते, चणे घेऊन घरी येते. माझ्या मेथडिस्टपणाला त्याने काही धक्का लागलेला नाही. आणि "मराठी आणि क्रिस्तांव कशी?" असं कुणी विचारलं तर गोव्यातल्याच राशोल गावाची आठवण करून द्यायची. फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचं ख्रिस्तपुराण मराठीतच आहे आणि ते १६१६ मध्ये तिथेच छापलं गेलं. तेव्हा वेस्लींचे आजोबासुद्धा जन्मले नव्हते.

आता लग्नं. हे लक्ष देऊन वाच, कारण इथे बाहेरून शिकून आलेला पाळक हमखास अडखळतो. भारतात बाकी बहुतेक ठिकाणी आपण १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लग्न लावतो आणि रजिस्टरवर सह्या घेतल्या की काम झालं. गोव्यात तो कायदा चालत नाही. इथे पोर्तुगिजांच्या वेळचा कौटुंबिक कायदा आहे आणि लग्न म्हणजे सरकारी नोंद. वधू-वरांनी तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाऊन इरादा नोंदवायचा, ती पहिली सही. नोटीस लागते, मुदत जाते, कुणाची हरकत नसेल तर साक्षीदारांसमोर दुसरी सही. दुसरी झाली की लग्न झालं. कॅथलिकांना रजिस्ट्रारचा ना-हरकत दाखला घेऊन देवळात लग्न लावण्याची आणि तेच पुढे नोंदवून घेण्याची सोय आहे. ती आपल्याला नाही. आपण देवळात म्हणतो ते वचन देवासमोरचं, कायद्याच्या लेखी दोन सह्याच लग्न.

म्हणून नियम एकच कर: दुसऱ्या सहीचा कागद हातात आल्याशिवाय लग्नाची तारीख छापू द्यायची नाही. पहिली सही करून मुलगा मुलीला फिरवतो, तिला वाटतं लग्न झालं, आणि मग तो नाहीसा होतो, हा प्रकार गोव्यात नवा नाही. मुलीच्या आईला हे लग्नाच्या आधी सांग. नंतर सांगून काय उपयोग?

त्याच कायद्यातली चांगली बाजूही तुझ्या तोंडपाठ हवी. लग्नाआधी नोटरीपुढे वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, निम्मी तिची, निम्मी त्याची. मुलामुलींचा वाटाही सारखा, आणि आईबापांना मृत्युपत्राने तो सगळाच्या सगळा काढून घेता येत नाही. वारशाचं हे २०१२ च्या वारसा कायद्यात आलंय, जो २०१६ पासून लागू झाला. नवरा गेल्यावर दहाव्या दिवशी दीर कागद घेऊन येतो, "वहिनी, इथे सही करा, नुसती औपचारिकता आहे." त्या वेळी पाळकबाईने समोर बसून एवढंच म्हणायचं, "वकिलाला दाखवून करू." बेळगाव-कोल्हापूरकडून पोटासाठी आलेल्या कुटुंबांना इथला कायदा लागतो की तिकडचा, हे वकिलानेच सांगावं, आपण सल्ला देऊ नये. पण सही थांबवणं आपल्या हातात असतं.

अंत्यविधीचंही तसंच. बेळगावकडे मी पहिल्यांदा कबरीशी उभी राहिले तेव्हा गल्लीतली हिंदू माणसं गच्चीवरून बघत होती, बाई स्मशानात गेलीच कशी म्हणून. गोव्यात अडचण त्याची नाही, जागेची आहे. कॅथलिक दफनभूमी ज्या त्या पॅरिशच्या ताब्यात असते, तिथे आपल्याला हक्काने मागता येत नाही. दोना पावलाला एक जुनी ब्रिटिश दफनभूमी आहे, नेपोलियनच्या लढायांच्या काळात, १७९९ ते १८१३, इथे इंग्रजी फौज होती तेव्हाची. तिथे माझ्यासारखे प्रोटेस्टंट निवांत पडलेत, पण नव्यांची भरती बंद! तेव्हा प्रत्येक कुटुंबाला, सगळे धडधाकट असतानाच, विचारून ठेव: वेळ आली तर कुठे? इथल्या पालिकेच्या जागेत की गावी? गावी न्यायचं तर चोर्ला घाटाने रुग्णवाहिका, मृत्यूचा डॉक्टरी दाखला, आणि पावसाळ्यात घाट सुरू आहे की नाही याची चौकशी. पहिल्यांदा विचारशील तेव्हा लोक दचकतात. पण ज्यांनी लिहून दिलं, त्यांच्या घरी त्या रात्री आरडाओरडा झाला नाही.

तुझा दुसरा प्रश्न बदल्यांचा. मेथडिस्ट पाळक स्वतःची जागा स्वतः निवडत नाही. कॉन्फरन्सच्या शेवटी बिशप नेमणुकांची यादी वाचतात आणि आपण कान देऊन बसतो. बाईला बहुतेकदा लहान मंडळी मिळते, पगार थकलेला, पाळकवाड्याचं छप्पर गळकं. हे मी गोड करून सांगणार नाही. माझे यजमान शाळेत शिक्षक होते. त्यांची नोकरी एका गावी, माझी दुसऱ्या. मुलं कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे. सुट्टीत ते पाळकवाड्यात असले आणि कुणी "पाळकसाहेब आहेत का?" म्हणून आलं की ते दार उघडून म्हणायचे, "आहेत, आत उपदेश लिहितायत. बसा, चहा मी टाकतो." असा माणूस मिळाला तर लग्न कर. जो तुझी दीक्षा आपण दिलेली "परवानगी" समजतो, त्याच्याशी करू नको. मुलगा पाळकच असेल तर आणखी नीट विचार कर, कारण दोघांना मिळून एकच मंडळी आणि एकच पगार देण्याचा मोह वरच्यांना होतो, आणि "पाळकाची बायको" हे बिनपगारी पद तुझ्या गळ्यात पडतं.

पैशांबद्दल थोडक्यात. घर पाळकवाडा असतो, तो आपला नसतो. आयुष्यभर फुकट राहिल्यासारखं वाटतं आणि निवृत्तीच्या महिन्यात किल्ली परत करताना कळतं की डोक्यावर छप्पर नाही. पहिल्या पगारापासून थोडं तरी बाजूला टाक, गावाकडे दोन खोल्या का होईनात. कर्जाचा तो जुना प्रश्न आठव. मंडळीतल्या कुणाकडूनही हातउसने घेऊ नको, पन्नास रुपयेसुद्धा.

आता निवृत्ती. सगळ्यात अवघड नेमणूक हीच आहे, कारण यादीत तुझं नाव वाचलं जात नाही आणि तरी फोन वाजत राहतो. "बाई, बाळाचा बाप्तिस्मा तुम्हीच करा." "बाई, बाबा गेले, तुमच्याशिवाय कोण?" मेथडिस्ट शिस्त सांगते की दुसऱ्याच्या मंडळीत त्याने बोलावल्याशिवाय विधी करायचा नाही. कागदावर सोपं आहे. ज्या मुलीला तूच हातात धरून बाप्तिस्मा दिलास, ती लग्नाला तूच हवीस म्हणून रडते, तेव्हा नाही म्हणून बघ. माझी रीत अशी: तिला सांगते, आधी तुझ्या पाळकांना भेट, त्यांनी मला फोन केला तर येईन आणि त्यांच्या शेजारी उभी राहून एक प्रार्थना करेन. काही पाळक फोन करतात, काही करत नाहीत. नाही केला तर मी घरी बसते आणि मुलीला साडी पाठवते. मी बेळगाव सोडून गोव्यात आले त्यात मुलाची नोकरी हे एक कारण, आणि माझ्या जुन्या मंडळ्यांपासून घाटाएवढं अंतर हे दुसरं.

इथल्या मंडळीत मी तिसऱ्या बाकावर बसते. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीवर नाही. नव्या पाळकाचं गीत वरच्या पट्टीत लागलं तरी मी माझी पट्टी लावत नाही. "आमच्या वेळी" हे दोन शब्द मी घरी मुलालाच ऐकवते, तो बिचारा सोसतो. पाळकाने सांगितलं तर उपदेश करते, मुलांचा संडे स्कूल घेते. बुधवारी संध्याकाळी वास्कोतल्या बायणाच्या एका खोलीत सात-आठ बायका जमतात, त्यात दोघी सिंधुदुर्गातल्या, एक विजापूरची, जिचं मराठी तिचं तिलाच कळतं. तो वर्गच आहे, नाव काही नाही.

आणि बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल. सावंतवाडी-कुडाळपासून बेळगाव-कारवारपर्यंतचे पेशंट तिथे येतात. नातेवाईक कॉरिडॉरमध्ये चादर टाकून दिवस काढतात, कुठल्या खिडकीवर कुठला कागद द्यायचा हे त्यांना कळत नाही. मी तिथे पाळक म्हणून जात नाही, मराठी वाचता येणारी म्हातारी म्हणून जाते. वॉर्डच्या सिस्टरला आधी विचारायचं. पत्रकं वाटायची नाहीत, तेल लावायचं नाही, खायला द्यायचं नाही, "बरा होशील" असं वचन द्यायचं नाही. कुणी विचारलं तरच प्रार्थना, तीही हळू आवाजात, शेजारच्या खाटेला त्रास न होईल अशी. बहुतेक वेळ फॉर्म भरण्यात आणि रांगेत जागा धरण्यात जातो. एका बाईने मला विचारलं, "तुम्ही इथे नोकरीला आहात का?" मी म्हटलं, रिटायर झाले. ती म्हणाली, "मग कशाला येता उन्हातान्हाचं?" आणि माझ्या हातात आपली पिशवी देऊन रक्ताचा रिपोर्ट आणायला गेली.

तर दीक्षेसाठी नाव दे की नाही, हे मी सांगणार नाही. शाळेची नोकरी वाईट नाही, वेळेवर पगार येतो. पण एक करून बघ. परीक्षा संपल्यावर दोन महिने तुझ्या पाळकांबरोबर घरभेटींना जा, वही घेऊन. दोन महिन्यांनंतर तुला भेटींचा कंटाळा आला असेल आणि व्यासपीठाची ओढ उरली असेल, तर शिक्षिका हो, चांगली होशील. उलट झालं असेल तर स्थानिक उपदेशकाच्या परवान्यासाठी अर्ज कर. तिथूनच पुढे उमेदवारी, मग दीक्षेच्या दोन पायऱ्या: आधी डिकन, मग एल्डर, म्हणजे पूर्ण पाळक. त्या अर्जाला शिफारस तुझ्या मंडळीची आणि तुझ्या पाळकांची लागते, माझी नाही. त्यांना याच आठवड्यात भेट. मला विचारलंस हे तूच त्यांच्या कानावर घाल, दुसऱ्या कुणाकडून कळू देऊ नको. आईला बुधवारी बायणाला घेऊन ये. तुझ्याआधी मला तिच्याशी बोलायचंय.